जाते म्हणायचं नाही

५ ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा एक ओळ नाही. कादंबरीचं शेवटचं पान तेवढं राहिलंय आणि ते राहायलाच बसलंय. अँटवर्पचं लिहिलं लिस्बनच्या होस्टेलात, लिस्बनचं लिहिलं बर्लिनच्या बसमधे, आता टोकियोत ताईच्या डायनिंग टेबलावर बसून सांगलीचं लिहायचं आहे. जागा सुटल्याशिवाय मला ती दिसत नाही बहुतेक.
दाजी म्हणाले, ‘मेहुणीबाई, मग टोकियोबद्दल कुठे जाऊन लिहिणार?’
म्हटलं, मिरजेत.

संध्याकाळचा प्रकार विचित्र. ताईने ताटं घेतली. ‘इरा, ये जेवायला.’ आतून इराचा आवाज, ‘जातेऽ.’
ताईचा हात आमटीतच थांबला. ‘जाते म्हणायचं नाही. किती वेळा सांगितलंय तुला.’ एवढ्या मोठ्याने की इरा दारातच उभी राहिली. म्हणजे ती आली होती. जाते म्हणत आली होती.
दाजी : आली ना ती, मग.
ताई : सुहास, तू मधे पडू नकोस.
मग सगळे आमटीभात जेवलो. इरा बाबाच्या कानात जपानीत काहीतरी पुटपुटली, ते मला सांगितलं नाही कुणी. सात वर्षांची पोरगी, घरात मराठी ऐकते, उत्तर जपानीत देते. कधी नव्हे ते मराठीत दिलं तर हे.
पण येताना जाते का म्हणाली? हे शोधलं पाहिजे. ताई एवढी का चिडली, तेही.

अँटवर्पहून आलेला आईचा आवाजी मेसेज परवापासून तसाच आहे. ‘रेवू, ताईला विचार, डिसेंबरात मी आले तर चालेल का. आमची मंडळी सुट्टीला सुरतेला चाललीयेत, मी इथे एकटी काय करू. तूच विचार हं, मी विचारलं तर ती’ – आणि तिथे तुटलाय. इराला अजून बघितलेलं नाही तिने. ताई तिचा फोन घेत नाही.
मी विचारलेलं नाही. उद्या.

७ ऑक्टो., मंगळ

विचारलं नाही. सायकल घेऊन निघाले. नदीपलीकडे कोतोतल्या लायब्ररीत बसून लिहायचं असं ठरवून. पुलावर वारा इतका की सायकल हातात धरून चालले. मधेच एक आजोबा नदीत गळ टाकून बसलेले. बोटाएवढे मासे, डोळे वर आलेले. मी बघत बसले. त्यांनी एक शब्द न बोलता मला बसायला डबा उलटा करून दिला. लायब्ररीची वेळ गेली.

पुढे कोतोच्या गल्ल्यांत एक वास. पिकलेल्या जर्दाळूसारखा, पण झाड दिसेना. वासामागे तीन वळणं गेले. झुडपासारखं झाड, केशरी बारीक फुलं, खाली सडा. त्याच्यासमोर कॉफीचं दुकान, आत कुणी नाही. शिरले.
मालकीणबाई मोरिता-सान. सत्तरीच्या असतील. जाड टोस्ट, त्यावर लोणी, ते वितळेपर्यंत खायचं नाही असं हाताने सांगितलं. दुपारभर बसू दिलं. आईच्या पितळी डावाचं वर्णन झालं अर्धं पान. शेवटच्या पानाला त्याचा काही उपयोग नाही.

निघताना माझ्या घरगुती जपानीत म्हटलं, ‘किमासु.’ येते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. छान वाटलं.

८ ऑक्टो.

छान कसलं. आज गेले तर मोरिता-सान म्हणतात, काल तुम्ही येते म्हणालात. माझी वाट बघत बाईंनी दुकान उघडं ठेवलं. अंड्याचं सँडविचसुद्धा झाकून ठेवलं होतं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोनवरचा भाषांतर करणारा प्रकार मधे ठेवून बोललो. जमेल तसं लिहून ठेवते, कारण असं संभाषण मी कादंबरीत लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मी : आमच्यात जाताना येते म्हणतात.
त्या : मग येताना काय म्हणता?
मी : येतानाही येतेच.
त्या (कप पुसत) : मग जाते कधी म्हणता?
मी : माणूस निरोप घेताना म्हणत नाही. वाईट समजतात. कायमचं गेल्यासारखं.
त्या : मग ज्यांना खरंच जायचं असतं ते काय करतात?

फोनने नीट विचारलं की नाही कोण जाणे. मी सँडविच खाल्लं.

मग इराचं विचारलं. त्या हसल्या. इथे कुणी हाक मारली की उत्तर ‘इकु’. जाते. मी जिथे आहे तिथून उठून तुझ्याकडे जाते, म्हणून जाते. म्हणजे इराचं बरोबरच आहे, तिने नुसतं भाषांतर केलं. आणि मीही तेच केलं, उलट्या बाजूने. मावशी-भाची दोघी एकाच खड्ड्यात, दोन टोकांकडून.

येताना पुलावर एकटीच हसत होते. गळवाले आजोबा नव्हते.

९ ऑक्टो., गुरु

ताईला हे सगळं रंगवून सांगितलं. ती प्लॅस्टिकचा कचरा वेगळा काढत होती, बाटल्यांची लेबलं सोलत. हसेल असं वाटलेलं.
‘मला माहितीये. मी रोज ऑफिसात इकु म्हणते.’
‘मग त्या पोरीला कशाला झापलंस?’
‘घरात नको. आपल्यात म्हणत नाहीत.’
‘आपल्यात बरंच काही म्हणत नाहीत. तू सगळं म्हणतेस.’
लेबल सोललं, बाटली चेपली. मग, माझ्याकडे न बघता, ‘आई म्हणाली होती.’
‘काय?’
‘जाते.’
आणि पिशवी घेऊन खाली गेली. कचऱ्याची वेळ उद्या सकाळची आहे. तिने ती पिशवी कधीच आदल्या दिवशी खाली नेलेली नाही.

मी तिथेच उभी. कारण आई ‘येते’ म्हणाली होती. मला पक्कं आठवतं. आई अँटवर्पच्या हिरेवाल्यांकडे स्वयंपाकाला म्हणून निघाली, दोन वर्षांसाठी. खाली रिक्षा, तिच्या हातात हिरवी रेक्झिनची बॅग. दारात वाकली, माझी वेणी पुढून मागे टाकली. ‘येते गं रेवू.’
दोन वर्षांची चार झाली, मग आम्ही मोजायचं सोडलं. चॉकलेटचे डबे यायचे. ताईचं लग्न तिच्याशिवाय झालं. बाबा या विषयावर तेव्हा बोलले नाहीत, आजही नाही. पण ती येते म्हणाली होती, म्हणून मी तिच्यावर कधी नीट चिडलेच नाही. येणारच होती, राहून गेलं, असं. माझं शेवटचं पान त्या एका शब्दावर उभं आहे. (कादं. उलट्या क्रमाने चाललीये, सुरुवातीला बाई म्हातारी, शेवटी घर सोडते. शहाणपणा कुठे कमी नाही.)
आणि ताई म्हणते, जाते.

११ ऑक्टो., शनि

इराचे बूट घ्यायला कावासाकीला. ट्रेनमधे बोलायचं नसतं, त्यामुळे कुजबुजत भांडलो. जमतं. फक्त चेहरे सरळ ठेवावे लागतात.
ताई : तू सहा वर्षांची होतीस.
मी : तू पंधराची होतीस म्हणजे तुझं खरं?
ताई : मी दारात होते. तू गॅलरीत होतीस.
मी : मी आईच्या कडेवर होते.
ताई : सहा वर्षांची घोडी कडेवर?
(दारात वाकली की कडेवर घेतलं? मला दोन्ही आठवतंय. दोन्ही एकदम होऊ शकत नाही.)
मी : येते म्हणाली. कुठली बाई जाते म्हणेल, तेसुद्धा विमानात बसायच्या दिवशी?
ताई : तेच म्हणतेय मी. कुठली बाई म्हणेल?
इरा आमच्या मधे. आधी इकडे बघितलं, मग तिकडे. ‘केंका?’ म्हणजे भांडण?
ताई : नाही गं, गप्पा.
इरा : गप्पा दामे. मग स्वतःच ओठांवर बोट. दामे म्हणजे चालत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा शब्द आहे.
समोरचे एक गृहस्थ झोपल्याचं सोंग करत होते. फार सभ्य देश.

बूट जांभळे घेतले. स्टेशनातून बाहेर पडायचे दरवाजे इतके की आम्ही चुकीच्या गावात आल्यासारख्या फिरलो. मधे एका दुकानात नुसते छत्र्यांचे दांडे. ते बघत राहिले, ताई पुढे गेली, मला शोधत परत आली. ‘तुझं लग्न झालं तर नवरा हरवेल तुझा.’ हे म्हणजे समेट.
आईचा निरोप सांगायला ती वेळ बरी होती. नाही सांगितला.

१३ ऑक्टो.

सापडलं! मोरिता-सानना विचारलं की तुम्ही घरातून निघताना काय म्हणता. ‘इत्तेकिमासु.’ इरा रोज शाळेत जाताना ओरडते तेच, मी कधी फोडून बघितलं नव्हतं. जाऊन येते. घरात राहणारा म्हणतो, जाऊन ये.
तर आई म्हणाली असणार, ‘जाऊन येते.’ आपण म्हणतोच की. ताईने पहिला शब्द ऐकला, मी दुसरा. दोघी बरोबर. सायकल इतकी हाणली की पुलावर एकदासुद्धा थांबले नाही.

ताई लॅपटॉपवर. ऐकून घेतलं. ‘चांगलंय. कादंबरीत घाल. माझ्या डोक्यात घालू नकोस.’
‘अगं पण शक्य आहे ना?’
‘शक्य काय, सगळंच आहे.’
दाजींनी मला खुणेने गप्प केलं. बरं.

१५ ऑक्टो., बुध

शेवटचं पान दोन्ही तऱ्हांनी लिहून काढलं. एकात बाई येते म्हणते, दुसऱ्यात जाते. एका शब्दाचा फरक असेल असं वाटलं होतं. पण जाते म्हटल्यावर तिची बॅग वेगळी भरावी लागली, रिक्षावाल्याला घाई लागली, दारातल्या मुलीचं वय बदललं.
संपादकबाईंचा मेसेज : ‘शेवट कुठवर आला?’ लिहिलं, दारापर्यंत.

दोन्ही पानं दाजींना वाचून दाखवली, दुसरं गिऱ्हाईक नाही. कावासाकीच्या ऑफिसातून थकून येतात बिचारे, तरी ऐकलं. ‘पहिल्यातली बाई बरी वाटते. दुसऱ्यातली खरी.’ मग दह्याचा डबा खरवडत, ‘तुम्ही मागच्या वर्षी त्यांच्याकडे राहून आलात ना? विचारलं नाही?’

नाही विचारलं. अँटवर्पला हिवाळाभर राहिले. आई ज्या घरात स्वयंपाक करते तिथलं खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसतात. ती घरच्यांशी गुजराती बोलते, भाजीवाल्याशी फ्लेमिश, माझ्याशी सांगलीचं, आणि तिन्ही वेगळ्या आवाजांत. रविवारी मला नदी दाखवायला न्यायची. मी विचारलं : मेथी कुठून येते, इथे चिप्सवर मेयोनीज का घालतात, स्टेशनाला एवढा घुमट कशाला, तुला बर्फ आवडतो का. वहीभर विचारलं. दुनियेचं सगळं विचारते मी, त्या शहरातल्या घोड्यांच्या नालांबद्दलसुद्धा माझ्याकडे चार पानं आहेत. हे तेवढं नाही विचारलं. दाजी म्हणेपर्यंत ते विचारायचं राहिलंय हेही लक्षात आलं नव्हतं.

१८ ऑक्टो., शनि

सांगितलं शेवटी. दुपारी, ताई भेंडी पुसत होती. (इथे भेंडी जाळीत येते, मोजून, प्रत्येकीची लांबी सारखी.) म्हटलं, आई डिसेंबरात यायचं म्हणतेय. तुला विचार म्हणाली.
‘कधी म्हणाली?’
‘झाले बरेच दिवस.’
‘बरेच दिवस ठेवलंस पोटात.’
मग भेंडी पुसणं चालू. एक एक. मला वाटलं विषय संपला, मी उठले. तर म्हणाली, बस.

जसं आठवतं तसं :
‘मी दारात नव्हतेच. दारात तुला ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, मी आत भांडी घासत होते. ती आधी स्वयंपाकघरात आली. माझ्या मागे उभी राहिली. म्हणाली, जाते मी. जाऊ ना?’
‘मग?’
‘मग काय. मी म्हटलं, जा.’
मी जाळीतली एक भेंडी उचलून पुसायला घेतली.
‘कुणी येते म्हणालं की आपण ये म्हणतो. ती येते म्हणालीच नाही, तर मी ये कुठून म्हणणार? तिने विचारलं, मी उत्तर दिलं. पंधरा वर्षांच्या पोरीला विचारतात का असं?’
‘चिडून म्हणालीस?’
‘नाही गं. हातात कढई होती. जा, एवढंच. मला वाटलं दोन वर्षं तर आहेत.’

भेंडी चिरायला घेतली. फार बारीक चिरली, तार सुटली सगळी. मग म्हणाली, ‘हे लिहायचं नाही.’
म्हटलं, बरं.
‘बरं नको. नाही म्हण.’
‘नाही लिहिणार.’
इथे लिहिलंय. इथलं कोण धरतंय. पण आता माझी दोन्ही पानं खोटी झाली. एकात येते, एकात जाते, आणि खरी गोष्ट दाराच्या आत, मोरीपाशी झालेली. तिथे मी नव्हतेच. ती ताईची आहे.

आईला काय कळवू विचारलं. म्हणाली, थांब.

२२ ऑक्टो.

थांबलेय. आईचा पुन्हा मेसेज नाही. ती दोनदा विचारत नाही, हे मला आता नव्याने दिसतंय.
व्हिएतनामची तिकिटं बघितली. मग बंद केलं. सुटण्याची खाज आली की समजावं, इथे काहीतरी चाललंय.
मोरिता-सानकडे गेले. केशरी फुलांचा वास संपला. रस्त्यावर पडलेली तपकिरी झाली, त्यांनी झाडून कोपऱ्यात केली. त्या म्हणाल्या, कादंबरीतली बाई निघाली का? (मी त्यांना मधे सांगितलं होतं.) म्हटलं, अजून नाही. ‘मग तिला एक कॉफी द्या.’ चांगली कल्पना आहे. प्रत्यक्षात तिने चहासुद्धा घेतला नसेल.

२४ ऑक्टो., शुक्र

छोटी गोष्ट. ताईने हाक मारली, ‘इरा, ये.’ आतून ‘जाते’, मग लगेच घाबरून ‘नाही, येते, येते.’
ताई म्हणाली, ‘काहीही म्हण. पण ये.’
इराला कळलं नाही काय बदललं ते. तिने दुसऱ्या हाकेला मुद्दाम ‘जाते’ म्हणून बघितलं. तेही खपलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ताई म्हणाली, आता मार खाशील.
दाजी माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे बघत होते.

२६ ऑक्टो., रवि

दुपार कलताना ताई माझ्यासमोर येऊन हात पुढे करून उभी राहिली. ‘तुझा फोन दे. माझ्यात तिचा नंबर नाही.’
दिला. तिने विचारलं, तिथे आता सकाळ ना? म्हटलं, हो, रविवार आहे, आजच्या दिवस तिला उशिरा उठायची मुभा असते. ‘मग उठवूया,’ म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन काच ओढून घेतली.

हे लिहितेय तोवर चालूच आहे. मी इथे टेबलापाशी, दाजी आणि इरा जमिनीवर कागदाची ट्रेन चिकटवतायत. ताईची पाठ दिसते. बोलता बोलता वाळलेले कपडे काढतेय, एका हाताने, चिमटे तोंडात धरून. मग चिमटे काढले. म्हणजे मोठं वाक्य.

इरा : मामा कुणाशी बोलतेय? (मामा म्हणजे तिची आई. ऐकून सवय झाली.)
दाजी : आजीशी.
इरा : सातारची आजी?
दाजी : नाही. आईची आई.
इराने गोंदाची बाटली खाली ठेवली. ‘ती आहे?’ हे स्वच्छ मराठीत.
दाजी म्हणाले, आहे. मग माझ्याकडे वळून, ‘आहे ना मावशी?’ म्हटलं, आहे. उंच आहे, बाबापेक्षा थोडीच कमी. तिला सायकल येते, बर्फातसुद्धा. इराला हे पटलेलं दिसलं नाही. ती उठून काचेला नाक लावून उभी राहिली.
ताईने तिला बघितलं. मला वाटलं आत जा म्हणून हात करेल. नाही केला. पुन्हा पाठ केली मात्र, त्यामुळे आता तिचा चेहरा दिसेना, नुसती टोपली.

काच थोडी उघडली, कपड्यांची टोपली आत सरकवण्यापुरती. तेवढ्यात ऐकू आलं. ‘…इथे थंडी असते. जाड घाल काहीतरी.’ मग पलीकडून काहीतरी. मग ताई, ‘ते बघू नंतर.’ मग पुन्हा पलीकडून, बराच वेळ. ताई नुसती ‘हं’. आणि मग, ‘बरं. ठेवते.’

काच ओढून घेतली पुन्हा. ठेवते म्हणून झालंय तिचं. दोरीवर एकही कपडा उरलेला नाही. फोन अजून कानालाच आहे.